गाडीचा कल

नाही, पण मला एक सांगा, दोन अक्षरांच्या शब्दापायी कुणाची गाडी अकरा दिवस गॅरेजात अडकून पडते का हो? पुढची दोन्ही चाकं निघालेली, पोटाखालचं सगळं सामान जमिनीवर मांडलेलं, आणि गाडीचा मालक, म्हणजे मी, शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर, हातात कागदी कप, कपातला चहा कधीच संपलेला, तरी कप सोडवत नाही, कारण कप सोडला की दोन्ही हात रिकामे होतात आणि रिकाम्या हातांनी माणूस कपाळ बडवून घेतो. बरं, शब्द तरी कुठला? काही अवघड? जोडाक्षर? छे. कल. क, ल, कल. दोन अक्षरं, तुम्हाला सांगतो, दोन अक्षरं!

आता तुम्ही मराठी माणसं, तुम्हाला कल म्हणजे काय ते सांगायला नको. भिंतीचा कल असतो, मुलाचा कल असतो, निकालाच्या दिवशी मराठी च्यानेलवर सकाळी आठपासून 'पहिले कल हाती, पहिले कल हाती' म्हणून घसा फोडत असतात... तसा आमच्या गाडीला कल होता. डावीकडे. तीन वर्षं होता. स्टिअरिंग सरळ धरलं की ती हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, डावीकडे सरकायची, आणि चाक खड्ड्यात गेलं की खालून खट्... खट्. मी म्हणायचो, जुनी गाडी आहे, तिला कडेकडेने जायला आवडतं. मी तिला उजवीकडे ओढून धरायचो आणि आम्ही दोघं मिळून सरळ जायचो. कुमुद, म्हणजे आमची ही, खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरून बसायची आणि म्हणायची, "गाडीचा कल बरा कळतो तुम्हाला. चाळीस वर्षांत माझा कुठे आहे ते कधी विचारलंत?" मी गिअर बदलायचो.

चालली असती अजून तीन वर्षं. पण तो शनिवार आला.

शनिवारचं काय आहे ते सांगतो. माझी नात केतकी, सहा वर्षांची. मुलगा सुधन्वा आणि सून रुचिता, दोघं नोकरीवाले, राहतात इथेच दिल्लीत, द्वारकेत, आमच्यापासून दोन सेक्टर सोडून. घरात पोरीशी बोलणार हिंदीत, एकमेकांशी इंग्रजीत, आणि भांडणार तेवढं मराठीत. त्यामुळे पोरीला मराठीतले रागाचे शब्द सगळे येतात, बाकीचे नाहीत. म्हणून मी तिला दर शनिवारी सकाळी आर. के. पुरमला नेतो, तिथे आमच्या प्रभाताई मुलांचा मराठी वर्ग घेतात. पण खरं सांगू का, वर्गात काय होत असेल ते होवो, खरा वर्ग भरतो गाडीत. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, दर खेपेला एक नवा शब्द. उंबरा झाला, कोनाडा झाला, गोगलगाय झाली. गोगलगाय तर तिला इतकी आवडली की पुढे कुणी रेंगाळलं की काच बंद ठेवून ओरडते, "ए गोगलगाय, चल ना!" आणि मला आजोबा म्हणते. तिच्या शाळेत सगळ्यांना दादू आहेत, नानू आहेत. आजोबा फक्त हिला आहेत. एकुलता एक आजोबा आहे मी त्या शाळेत.

तुम्ही म्हणाल, मेट्रोने न्या. नेली होती हो! मेट्रोत पोरगी माझ्याशी हिंदीत बोलते. "लोग सुनते हैं ना, आजोबा," म्हणते कानात, आणि पुढे सगळं हिंदी. गाडीच्या काचा वर केल्या की मग मराठी. चार दारांच्या आत एवढासा महाराष्ट्र होता आमचा, तुम्हाला सांगतो, आणि तो डावीकडे सरकत होता.

तर त्या शनिवारी पालमच्या अलीकडे रस्ता मोकळा, मी खुशीत, आणि मागून केतकी विचारते, "आजोबा, गाडी उधर क्यों जाते आहे?" म्हटलं, वा, आजचा शब्द आपणहून चालत आला. "गाडीचा कल डावीकडे आहे, बाळा." "कल? म्हणजे टुमॉरो?" "तो हिंदीतला कल. हा मराठीतला. मराठीतला कल म्हणजे एका बाजूला झुकणं, असं..." आणि असं म्हणताना मी हात कलता करून दाखवला. आता हात दाखवायचा तर तो स्टिअरिंगवरून काढावा लागतो ना? गाडीने लगेच प्रात्यक्षिक दिलं. डावीकडे शकरकंदीवाला उभा, रताळी भाजून विकतात ना इथे थंडीत, त्याची हातगाडी आणि आमचा बंपर यांच्यात राहिली एक वीत. मी करकचून ब्रेक दाबला. तो माणूस मात्र ढिम्म. द्रोणात फोडी भरल्या, वर लिंबू पिळलं, आणि खिडकीतून आत दिला. "अब आ ही गए हो, तो खा लो."

केतकीने घरी जाऊन सगळं इत्थंभूत सांगितलं, लिंबासकट. रविवारी सुधन्वा आला. बसला. पाणी प्यायला. "बाबा, बुरा मत मानना," म्हणाला. माझा मुलगा कठीण बोलायचं असलं की हिंदीत शिरतो, लहानपणापासून. "गाडी जोपर्यंत सीधी चालत नाही, तोपर्यंत केतकी त्यात नाही बसणार." म्हटलं, ठीक आहे, रास्त आहे, दुरुस्त करतो. तो उठला, दारापर्यंत गेला, परत वळला. "बाबा... गाडीच आहे ना? म्हणजे... तुम्ही नाही ना?"

बघा. सहासष्ट वर्षांचा आहे मी. त्या पोराला ह्याच हातांनी सायकल शिकवली. म्हटलं, "गाडीच आहे. शंभर टक्के गाडी आहे. तुला दाखवतो." आणि त्या क्षणापासून, तुम्हाला सांगतो, प्रश्न गाडीचा राहिलाच नाही.

सोमवारी गेलो बिजेंदरकडे. बिजेंदर मिस्त्री, हरयाणवी माणूस, पत्र्याखाली गॅरेज, हात सोन्याचा, मला ताऊ म्हणतो. मी गेलो तेव्हा तो एका टेंपोखाली होता, नुसते पाय दिसत होते. आता पायांशी काय बोलणार? मला पेन्शनच्या कामाला जायचं होतं. मग काय, चौतीस वर्षं केंद्र सरकारात काढलेला माणूस, कागद काढला आणि रीतसर टीप लिहून वायपरखाली खोचली. शुद्ध हिंदीत. हिंदी पंधरवड्यात निबंधाला दुसरं बक्षीस आहे माझं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, अजून चालतंय. लिहिलं, "विषय: वाहन का कल. महोदय, वाहन का कल बाईं ओर है. कृपया कल देखें एवं सूचित करें. भवदीय, सूर्यकांत." चूक सापडली का कुठे? मलाही सापडली नाही.

मंगळवारी गेलो तर गाडी जशीच्या तशी. "क्यों भाई, देखा नहीं?" बिजेंदरने खिशातून माझी टीप काढली, उलगडली, आणि बोट ठेवलं. "ताऊ, पर्ची मैंने आज पढ़ी. इसमें लिखा सै, कल देखें. तो कल देखूँगा." म्हटलं, "अरे, वो कल नहीं, ये कल." "कौन-सा कल?" "बाईं ओर का कल." तो विचारात पडला. खरंच पडला हो, माणूस प्रामाणिक आहे. "बाईं ओर का कल..." म्हणाला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट डावीकडे सरकवलं, "सोमवार?"

दोन अक्षरं! तिसरं असतं तर काही सुगावा लागला असता.

मग माझा आवाज चढला. माझा आवाज चढला की माझं हिंदी उतरतं. म्हटलं, "देखो, तुम इसका कल निकाल दो बस. पूरा निकाल दो. मेरेको कल मंगताच नहीं." त्याने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "पूरा निकाल दूँ?" "पूरा." "सोच लो, ताऊ." "सोच लिया."

बुधवारी गेलो. गाडी विटांवर. पुढची चाकं भिंतीला टेकलेली, आणि जमिनीवर, वर्तमानपत्रावर, ओळीने लोखंड मांडलेलं, लांब लोखंड, वाकडं लोखंड, गोल लोखंड. "ये क्या किया?" तर बिजेंदर अभिमानाने म्हणतो, "आपने कहा कल निकाल दो. सारे कल-पुर्जे निकाल दिए." कल-पुर्जे! हिंदीत यंत्राच्या भागांनाही कल म्हणतात, हे मला दुसऱ्या बक्षिसाच्या वेळी कुणी सांगितलं नाही. पहिल्या बक्षीसवाल्याला बहुतेक माहीत असणार.

मी तिथूनच भाऊसाहेबांना फोन लावला. भाऊसाहेब म्हणजे माझे जुने सहकारी, माझ्याही आधीपासून दिल्लीत, त्यांचं हिंदी चांगलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतात, "अहो सूर्यकांतराव, हिंदीत कल म्हणजे उद्या." म्हटलं, "ते माहीत आहे हो मला!" "आणि कालसुद्धा." "तेही माहीत आहे!" "मग तुम्ही 'गाड़ी बाएँ खींच रही है' असं नाही का म्हणायचं?" आता हे सुचलं असतं तर मी म्हटलं नसतं का? ऐन वेळी जिभेवर आईची भाषा येते, त्याला मी काय करू?

पण गंमत ऐका. बिजेंदरने मला खाली बसवलं आणि एक वाकडं लोखंड हातात दिलं. "यो लोअर आर्म. पहिए को गाड़ी से पकड़ के रखै सै." म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा हातच. त्या हाताच्या सांध्यात रबर असतं, त्याला म्हणतात बुश. त्या रबराच्या चिंध्या झालेल्या. आणि टोकाला एक गोळी असते वाटीत बसवलेली, बॉल जॉइंट, ती घट्ट असायला हवी, तर ती बोटाने हलवली की हो-हो करून मान डोलवत होती. "ताऊ, डावीकडची... कंडक्टर साइड सारी खतम. इसी लिए खींचै थी." बिचाऱ्याने माझ्यासाठी 'डावीकडची' शिकून ठेवलं होतं. म्हणजे गैरसमजातून का होईना, माणसाने बरोबर तेच उघडलं होतं! गाडीच होती. मी नव्हतो. मी ती चिंधी झालेली बुश रुमालात गुंडाळून घरी आणली आणि सुधन्वाला दाखवायला फ्रिजवर ठेवली. कुमुद म्हणाली, "आणि मी कंडक्टर साइड का? तीन वर्षं मी कंडक्टर म्हणून बसत होते?"

आता नवे भाग यायचे होते कश्मीरी गेटच्या बाजारातून. कधी? कल. गुरुवारी गेलो, कल. शुक्रवारी गेलो, म्हणाला, "माल तो कल आ गया." मला कळेना, आला की येणार? विचारलं तर कल आलेला माल ड्रायव्हर साइडचा, आता तो परत जाणार, कल, आणि कंडक्टर साइडचा येणार, तोही कल. मी स्टुलावर बसून हिशेब करतोय, की कोणता कल मागचा आणि कोणता पुढचा, आणि मध्ये माझा शनिवार आला आणि गेला. दोन अक्षरांखालून सरळ निघून गेला, तुम्हाला सांगतो.

रविवारी केतकीचा फोन आला. म्हटलं, काय ग, काल काय केलंस? म्हणाली, कार्टून. म्हटलं, उंबरा म्हणजे काय सांग बघू. म्हणते, "वो... दहलीज का कुछ..." आणि मग, अगदी सहज, "दादू, आपकी कार ठीक हुई?"

दादू.

एक शनिवार हो. फक्त एक शनिवार चुकला होता. मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. कुमुद आली, तशीच परत आत गेली, आणि तिने फ्रिजवरची बुश उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

सोमवारपासून मी ठाण मांडलं. सकाळी नऊ वाजता गॅरेजवर हजर. बिजेंदर कल म्हणायला तोंड उघडायचा, मी म्हणायचो, "आज." तो म्हणायचा, "ताऊ..." मी म्हणायचो, "आज." माल आला. आर्म बसले, बुश बसल्या, बॉल जॉइंट बसले, स्टिअरिंगकडचे टाय रॉडही बदलले, शॉकरवरची रबरं बदलली, दोन्ही बाजूंना, कारण बिजेंदर म्हणाला, एका बाजूला नवं आणि एका बाजूला जुनं ठेवलं तर दोघांचं पटत नाही. मग चाकांची अलाइनमेंट, मशीनवर, पडद्यावर सगळे आकडे हिरवे. अकराव्या दिवशी, गुरुवारी, बिजेंदर मला कंडक्टर साइडला बसवून मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला, आणि चालत्या गाडीत स्टिअरिंग सोडून दोन्ही हात डोक्याच्या मागे घेतले. "देख, ताऊ."

सरळ. आखल्यासारखी सरळ. खट् नाही, खुट् नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? मी त्याचे तेलकट हात हातात घेतले. घरी येताना मी चालवली. संध्याकाळची गर्दी, सगळं मुंगीच्या पावलाने. दोनदा दुभाजक जरा जवळ आल्यासारखा वाटला, पण म्हटलं, रस्त्याचा उतार असेल. असतो ना उतार रस्त्याला? असतो.

शनिवारी सुधन्वा स्वतः आला परीक्षा घ्यायला. कंडक्टर साइडला बसला. मागे केतकी, वही पेन्सिल घेऊन. मी म्हटलं, आज बघच तू. ड्रॉवरमधली बुश काढून डॅशबोर्डवर ठेवली, पुरावा म्हणून. निघालो. पालमच्या पुढे रस्ता मोकळा झाला, मी जरा वेग घेतला, आणि सुधन्वाला म्हटलं, "आहे का? आहे का कल?" त्याने फक्त एक बोट स्टिअरिंगवर ठेवलं. एक बोट. मी बघितलं तर दुभाजक माझ्या खिडकीशी आलेला. म्हटलं, उतार. त्याने स्टिअरिंग सरळ केलं. परत दुभाजक.

"बाबा, जरा हात सोडा."

"चालत्या गाडीत?"

"मी आहे. सोडा."

सोडले. गाडी सरळ. आखल्यासारखी सरळ. "आता धरा." धरले. गाडी उजवीकडे. "सोडा." सरळ. "धरा." उजवीकडे. म्हणजे मी नसलो की गाडी सरळ जाते हो! सुधन्वा अगदी हळू बोलला, आणि मराठीत बोलला, त्याचंच जास्त लागलं मला. "तीन वर्षं ती डावीकडे ओढत होती, बाबा, म्हणून तुम्ही तिला उजवीकडे ओढत होतात. आता ती ओढत नाही. तुम्ही ओढताय." मी म्हटलं, नाही. मग एकदा, मुद्दाम, सगळं लक्ष हातांवर ठेवून चालवली. माझ्या मते तर मी काहीच करत नव्हतो, तरी दुभाजक परत खिडकीशी. आणि मागून केतकी, वहीत लिहिता लिहिता, स्वच्छ मराठीत, एक अक्षर न चुकता म्हणाली, "आजोबा, आता गाडीचा कल नाही. आता कल तुमचा आहे."

आजोबा म्हणाली. कल म्हणाली, बरोबर जागी म्हणाली, विभक्तीसकट म्हणाली. माझी विद्यार्थिनी पास झाली, तुम्हाला सांगतो, आणि मी त्याच वाक्यात नापास झालो.

गाडी कडेला घेतली. घेताना मात्र छान सरळ घेतली, म्हणजे सुधन्वाने घेतली. बिजेंदरला फोन केला. तो हसला नाही, माणूस चांगला आहे. म्हणाला, "ताऊ, गाड़ी के बुश तो आ गए कश्मीरी गेट से. हाथ की आदत का पुर्जा कोनी आता." कोनी म्हणजे त्यांच्याकडे नाही. "फिर हाथ कब ठीक होंगे?" "छूट ज्यागी आदत... कल-परसों." ह्या माणसाचा कल मी अकरा दिवस भोगलाय.

सुधन्वा ड्रायव्हर साइडला गेला. "आजच्या दिवस मी चालवतो, बाबा. तुम्ही मागे बसा, केतकीजवळ." आजच्या दिवस, म्हणाला. पुढच्या शनिवारी त्याला ऑफिस आहे, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, कुणी तो विषय काढला नाही. मी मागे बसलो. गाडी निघाली. काय चालली हो, काय चालली... नवी कोरी चालली. केतकीने वही मिटली, काच वर आहे ना ते बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन मराठीत विचारलं, "आजोबा, तुम्ही परत कधी चालवणार?"

तोंडातून बिजेंदरचंच उत्तर निघालं. म्हटलं, "कल."

तिने जरा विचार केला. "कुठला कल? मराठीतला का हिंदीतला?"

"हिंदीतला, बाळा."

तिने समाधानाने मान हलवली आणि परत वही उघडली. तिच्या लक्षात आलं नाही, हिंदीत कालसुद्धा कलच असतो.